‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ : एका सराव-मुलाखत सेवेचे परीक्षण

मुलाखतीच्या शेवटी, घड्याळात चार-पाच मिनिटे उरलेली असताना आणि समोरच्यांनी कागद आवरायला घेतलेले असताना विचारला जाणारा हा प्रश्न मी गेल्या अकरा वर्षांत जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी गुळमुळीत विचारून उठले आहे. ग्राहकसेवा विभागात गटप्रमुख पदापर्यंत पोहोचल्यावर नोकरी बदलायची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की आधीच्या दोन्ही नोकऱ्या मला ‘मिळाल्या’ होत्या. मी त्या निवडल्या नव्हत्या. दुसरी नोकरी तर रुजू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात चुकीची वाटू लागली होती. माझ्या गटातल्या माणसांना कामे वाटून देण्याचा अधिकार माझ्याकडे नसून भलत्याच विभागाकडे होता, आणि हे मुलाखतीत एका प्रश्नाने कळू शकले असते. तो प्रश्न मी विचारला नाही, आणि आपणहून सांगावे असे समोरच्यांनाही वाटले नाही.

म्हणून एका ऑनलाइन सराव-मुलाखत सेवेच्या माहितीपत्रकात ‘मुलाखत ही दोन्ही बाजूंनी मिळून करायची गोष्ट आहे’ असे वाक्य वाचले, तेव्हा फारसा विचार न करता सहा आठवड्यांचा संपूर्ण अभ्यासक्रम घेऊन टाकला. रेकॉर्ड केलेल्या उत्तरांचे यांत्रिक मूल्यमापन, वाचनासाठी टिपणे, प्रत्यक्ष माणसांबरोबर तीन मॉक मुलाखती, ‘अदलाबदल’ नावाचे एक सत्र आणि शेवटी लेखी अहवाल, असे त्याचे भाग आहेत. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे येणाऱ्या तक्रारी माझ्या एकटीच्या अनुभवावर उभ्या आहेत. शिवाय या प्रकारच्या सेवांची मांडणी एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते की नाव नसतानाही वाचकाला आपल्या निवडीपुरते यातून काही घेता यावे.

सुरुवात वाईट झाली, आणि ती सेवेच्या स्वतःच्या दाव्याशीच विसंगत होती. पहिल्या आठवड्यात कोणाशीही बोलायचे नसते. पडद्यावर एक प्रश्न उमटतो, तीस सेकंदांची उलटी मोजणी होते आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून दोन मिनिटे बोलायचे असते. ‘तुम्ही हाताळलेल्या एखाद्या अवघड ग्राहकाविषयी सांगा,’ असा प्रश्न आला, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, ‘अवघड म्हणजे रागावलेला, की ज्याची अडचण सोडवणे अवघड होते असा?’ पडद्याने अर्थातच उत्तर दिले नाही. मी क्षणभर थांबले, हसले आणि मग बोलू लागले. मूल्यमापनात त्या थांबण्यापुढे ‘अडखळणे’ आणि माझ्या प्रश्नापुढे ‘विषयांतर’ असा शेरा होता. ग्राहकसेवेत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट, म्हणजे उत्तर देण्याआधी समोरच्याला नेमके काय हवे आहे ते विचारून घेणे, इथे गुण कापण्याचे कारण ठरली. नजर कॅमेऱ्यावर किती टक्के वेळ होती याचाही आलेख होता. अशा मोजमापांच्या उपयुक्ततेविषयी खुद्द या व्यवसायातच एकमत नाही. हायरव्ह्यू या व्हिडिओ मुलाखतींच्या क्षेत्रातल्या मोठ्या कंपनीने चेहऱ्यावरील हावभावांचे विश्लेषण आपल्या मूल्यमापनातून काढून टाकल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले होते. तरीही, एकतर्फी व्हिडिओ मुलाखती प्रत्यक्षात द्याव्या लागतात, त्यामुळे सराव असणे चुकीचे नाही. मात्र तो सराव ‘दुतर्फा संवादा’च्या पाटीखाली, तोही सर्वांत आधी, ठेवणे मला खटकले.

वाचनाच्या टिपणांनी मात्र ती कडवट चव बरीच घालवली. ती लिहिणाऱ्याने विषय मुळातून वाचलेला आहे हे जाणवते. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार टप्प्यांत उत्तर देण्याची ‘स्टार’ पद्धत सगळीकडे शिकवतात, तशी इथेही आहे. तो भाग मी चाळून पुढे गेले. खरे मोल आहे ते मुलाखतीतून नेमके काय कळते आणि काय कळत नाही याविषयीच्या विवेचनाला. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.५१, तर मनाला येईल तशा रंगत जाणाऱ्या मुलाखतीचा ०.३८ निघाला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये गणिताची पद्धत तपासून हेच आकडे नव्याने काढले, तेव्हा ते अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ वर आले. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत जुळणी, हे ध्यानात घेतले तर ०.१९ हा आकडा ‘माणूस पाहिल्याबरोबर ओळखतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कोणत्याही साहेबाला विचारात पाडणारा आहे.

आता इथे एक अडचण उभी राहते, आणि टिपणे तिला बगल देत नाहीत, हे मला विशेष आवडले. मुलाखत दुतर्फा करायची म्हणजे ती मोकळी सोडायची, असा अनेकांचा समज असतो, माझाही होता. पण मोकळी सोडलेली मुलाखत म्हणजे तीच ०.१९ वाली मुलाखत. गप्पा रंगल्या, दोघांचे एखादे आवडते विषय जुळले, की समोरचा माणूस कामालाही चांगला असणार असे वाटू लागते, आणि ज्याच्याशी सूर जुळत नाही तो मागे पडतो. टिपणांत याच संदर्भात जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथनिएल पीटरसन यांच्या २०१३ सालच्या प्रयोगाची हकीकत येते. त्यात काही मुलाखतींमध्ये उत्तर देणारे विद्यार्थी खरी उत्तरे न देता एका ठरलेल्या नियमानुसार वाटेल ती उत्तरे देत होते. मुलाखत घेणाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. उलट, समोरच्याची चांगली ओळख पटल्याची त्यांची भावना कायम राहिली. हे वाचून मला माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीनंतरचे ‘फारच छान गप्पा झाल्या’ हे घरी येऊन उच्चारलेले वाक्य आठवले आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले.

सेवेने या पेचातून काढलेली वाट अशी आहे की मुलाखतीचा आराखडा पक्का ठेवावा, पण त्या आराखड्यातच दुसऱ्या बाजूसाठी जागा राखून ठेवावी. काही वेळ सर्वांना सारख्या असणाऱ्या प्रश्नांसाठी, काही वेळ दोघांनी मिळून सोडवायच्या एका खऱ्याखुऱ्या अडचणीसाठी, आणि पहिल्या भागाइतकाच वेळ उमेदवाराच्या चौकशीसाठी. शेवटचा भाग उरलेल्या चार मिनिटांत उरकायचा नाही आणि तो चालू असताना मुलाखतकाराने गुण देण्याचा कागद बाजूला ठेवायचा. हा कागद बाजूला ठेवण्याचा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्ष सरावात त्याचा परिणाम किती होतो ते पुढे कळले.

पहिल्या मॉक मुलाखतीत माझी चांगलीच फजिती झाली. मुलाखत घेणाऱ्या मार्गदर्शक बाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ नोकरभरतीचे काम केलेले होते. ठरावीक प्रश्नांचा भाग बरा गेला. मग त्यांनी खरोखरच पेन मिटले, कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, ‘आता तुम्ही विचारा.’ मी पाठ केलेला प्रश्न विचारला, की तुमच्या संस्थेतले वातावरण कसे आहे. त्यांनी दोन मिनिटे अत्यंत गोड भाषेत उत्तर दिले: एकमेकांना सांभाळून घेणारी माणसे, शिकण्याची संधी, पारदर्शक व्यवहार, वगैरे. मी मान डोलावत राहिले. बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘या उत्तरातून तुम्हाला काय कळलं ते मला सांगा.’ मला एकही गोष्ट सांगता आली नाही. ‘मग दोष उत्तराचा की प्रश्नाचा?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यानंतरचा अर्धा तास आम्ही त्या एकाच प्रश्नाची चिरफाड केली.

त्यातून जे हाती लागले ते असे, की मत मागणाऱ्या प्रश्नाला जाहिरात मिळते आणि घडलेली गोष्ट मागणाऱ्या प्रश्नाला माहिती मिळते. ‘तुम्ही चुका कशा हाताळता?’ असे विचारले तर कोणीही ‘आम्ही चुकांतून शिकतो’ असेच म्हणणार. त्याऐवजी ‘गेल्या काही महिन्यांत तुमच्या गटाचा एखादा निर्णय चुकला असेल तर तो कोणाच्या लक्षात आला आणि पुढच्या आठवड्यात काय झालं?’ असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला खरे काहीतरी आठवावे लागते, आणि आठवायला लागणारा वेळ, निवडलेला प्रसंग, त्यात कोणाचे नाव आदराने येते आणि कोणावर खापर फुटते, हे सगळेच ऐकण्यासारखे असते. गंमत म्हणजे उमेदवाराला ‘असा एखादा प्रसंग सांगा’ असे विचारण्यामागे मुलाखतकारांचे तर्कशास्त्र हेच असते. टॉम जान्झ यांनी १९८२ मध्ये वर्तनावर आधारलेल्या मुलाखतीची जी पद्धत मांडली तिचा पाया हाच, की माणूस पुढे काय करील याचा अंदाज त्याने पूर्वी काय केले यावरून बांधावा. तेच हत्यार उलट्या दिशेने वापरता येते, हे इतक्या वर्षांत मला सुचले नव्हते. ‘या जागेवर आधी कोण होतं, आणि ती जागा रिकामी का झाली?’ हा प्रश्न मी त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

दुसरी मॉक मुलाखत हा या अभ्यासक्रमातला माझ्या मते सर्वांत कसदार भाग. तिच्यात प्रश्नोत्तरे नव्हतीच. माझ्या क्षेत्राला धरून एक अडचण समोर ठेवण्यात आली: तक्रारी नोंदवण्याची नवी प्रणाली सुरू झाल्यापासून प्रलंबित तिकिटांची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींची, संख्या वाढते आहे, पण प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज निकाली काढलेल्या तिकिटांचा आकडाही वाढलेलाच आहे, असे का व्हावे? मार्गदर्शकांची भूमिका परीक्षकाची नसून माझ्या होऊ घातलेल्या सहकाऱ्याची होती, आणि मी विचारीन ती माहिती त्यांनी द्यायची होती. मी पहिली सात-आठ मिनिटे एकटीच बोलले. मनुष्यबळ कमी असेल, प्रशिक्षण झाले नसेल, ग्राहक वाढले असतील, अशा शक्यता मी फळ्यावर लिहिल्यासारख्या मांडत गेले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले, ‘माझ्यापाशी गेल्या तीन महिन्यांची आकडेवारी आहे. तुम्ही अजून मागितली नाहीत.’

हे वाक्य मला फार लागले, कारण कामाच्या ठिकाणी मी असे कधीच केले नसते. तिथे मी आधी शेजारच्या टेबलावर जाऊन आकडे मागितले असते. मुलाखतीची खुर्ची मात्र माणसाला शाळेच्या बाकावर नेऊन बसवते, आणि शाळेत शेजाऱ्याला विचारणे म्हणजे कॉपी. आकडेवारी मागितल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला: नव्या प्रणालीत एकाच ग्राहकाचा दुसरा फोन जुन्या तिकिटाला न जोडता नवे तिकीट उघडत होता, त्यामुळे जुनी तिकिटे तशीच पडून राहत आणि नवी निकाली काढली गेली की आकडा फुगत असे. उलगडा अर्धा माझा आणि अर्धा त्यांचा होता. ‘पुन्हा आलेले फोन वेगळे मोजले जातात का?’ हे मी विचारले, आणि ‘जुनं तिकीट बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे ते पाहा,’ हे त्या म्हणाल्या. त्या अर्ध्या तासात त्यांना माझी काम करण्याची रीत दिसली असणार. पण मलाही त्यांची दिसली. मी चुकीच्या वाटेने जात असताना त्यांनी किती वेळ जाऊ दिले, माझे बोलणे मध्येच तोडले का, स्वतःची कल्पना चुकल्यावर त्या काय म्हणाल्या, हे सारे मी पाहत होते. खरी मुलाखत असती तर या बाईंच्या हाताखाली काम करायचे की नाही हे मला ‘वातावरण कसे आहे’ असे शंभर वेळा विचारून कळले नसते इतके त्या अर्ध्या तासात कळले असते.

तिसरी मॉक मुलाखत वेतनाच्या बोलणीची होती. ती नीटनेटकी पण साचेबंद वाटली. आवाज कसा ठेवावा, आकडा आधी कोणी सांगावा, असल्या डावपेचांतच वेळ गेला. एक मुद्दा मात्र उपयोगाचा होता, तो म्हणजे माहितीच्या असमतोलाचा. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या वेतन-पारदर्शकता निर्देशाने अर्जदाराला सुरुवातीच्या वेतनाची किंवा वेतनश्रेणीची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होते हे विचारण्यास मालकाला मनाई केली आहे. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यांत आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिलेली होती. जिथे असा कायदा नाही तिथे उमेदवाराने श्रेणी विचारणे म्हणजे हावरटपणा नव्हे, हे ठसवण्यासाठी हा दाखला चांगला होता.

मग आले अदलाबदलीचे सत्र, ज्यात शिकणाऱ्यांपैकी दोघांना एकत्र आणून एकाला मुलाखतकाराच्या खुर्चीत बसवतात. मला एका रिकाम्या जागेचा तपशील दिला होता आणि त्यासोबत फक्त माझ्यासाठी एक चिठ्ठी: या जागेवरची व्यक्ती दोन वरिष्ठांना उत्तरदायी असेल, त्या दोघांचे पटत नाही, आणि आधीची व्यक्ती आठ महिन्यांत सोडून गेली. उमेदवाराला काय सांगायचे आणि काय नाही, याविषयी चिठ्ठीत एक शब्दही नव्हता. समोर बसलेला तरुण चांगला तयारीचा होता. त्याने सरळच विचारले, ‘दोन वरिष्ठांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं नाही, तर निर्णय कोण घेतं?’ आणि मी, जिला स्वतःच्या मुलाखतीत नेमकी हीच माहिती दडवली गेल्याचा राग वर्षभर होता, ती म्हणाले, ‘आमच्याकडे सगळं चर्चेतून ठरतं.’

ते उत्तर देताना मी खोटे बोलते आहे असे मला जाणवलेही नाही. आपल्या घराविषयी पाहुण्याला चार बरे शब्द सांगावेत तसे ते आपोआप आले. नंतर रेकॉर्डिंग पाहताना मार्गदर्शकांनी तिथे थांबवले आणि विचारले, की खरे सांगितले असते तर काय बिघडले असते. माझे उत्तर होते, की तो उठून गेला असता. त्यावर त्यांनी जॉन वॅनस यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची आठवण करून दिली. टेलिफोन ऑपरेटरच्या जागांसाठी आलेल्या काही उमेदवारांना नेहमीची आकर्षक चित्रफीत दाखवली गेली आणि काहींना कामातला कंटाळा आणि कडक देखरेख यांसह खरे चित्र दाखवणारी. खरे चित्र पाहून उमेदवारांनी पाठ फिरवली असे झाले नाही. फरक पडला तो नंतर. त्यांच्या अपेक्षा अधिक वास्तव होत्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी येत होते. आम्ही ते सत्र पुन्हा केले. या वेळी मी दोन वरिष्ठांच्या मतभेदांविषयी मोजक्या शब्दांत खरे सांगितले. त्या तरुणाने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘माझ्या आत्ताच्या कामात असंच आहे. मी दर सोमवारी दोघांना एकच लेखी यादी पाठवतो, म्हणजे मतभेद असतील तर त्यांच्यातच उघड होतात.’ पहिल्या फेरीत असे काही ऐकायला मिळण्याची सोयच मी ठेवली नव्हती. उमेदवाराची एवढी नेमकी पारख मला कोणत्याही ठरावीक प्रश्नातून झाली नसती.

एवढे सगळे कौतुक केल्यावर सेवेची मूळ उणीव सांगायला हवी. अदलाबदलीचे सत्र एकच आहे आणि ते पाचव्या आठवड्यात येते. ते दुसऱ्या आठवड्यात यायला हवे आणि किमान तीनदा व्हायला हवे. त्याहून मोठी गोष्ट ही, की ही सेवा फक्त उमेदवारांना विकली जाते. टाळी वाजवायला शिकवायचे आणि दुसरा हात कुठून येणार याविषयी गप्प राहायचे, असा हा प्रकार आहे. मुलाखतीचा वेळ कसा वाटायचा, कागद केव्हा उलटा ठेवायचा, एखादी खरी अडचण मिळून सोडवायला द्यायची की नाही, हे सारे मुलाखत घेणाऱ्याच्या हातात असते. आणि नोकरीची निकड असलेल्या माणसाची स्थिती माझ्यासारख्या हातात नोकरी असलेल्या माणसासारखी नसते. ‘तुम्हीही त्यांची निवड करत आहात’ हे टिपणांत वारंवार येणारे वाक्य ज्याच्या घरी तीन महिने पगार आलेला नाही त्याला टोचेल. सत्रांत याविषयी एकदाच ओझरता उल्लेख झाला. अशा उमेदवाराने निदान कोणते दोन प्रश्न तरी विचारावेत, नकार देणे परवडत नसताना मिळालेल्या माहितीचा उपयोग रुजू झाल्यावर कसा करावा, याविषयी काहीतरी हवे होते.

दुसरी तक्रार प्रश्नांच्या तयार यादीविषयी आहे. शेवटच्या आठवड्यात ‘प्रभाव पाडणारे पन्नास प्रश्न’ असे एक टिपण मिळते. आधीच्या पाच आठवड्यांची मेहनत ते एका फटक्यात वाया घालवते, कारण प्रभाव पाडण्यासाठी विचारलेला प्रश्न पुन्हा सादरीकरणच होतो. त्यातला निम्मा मजकूर मुलाखतकारांनी आधीच ऐकलेला असणार. हे टिपण न उघडता पुसून टाकावे, असे मी या सेवेकडे वळणाऱ्यांना सुचवीन.

अभ्यासक्रम चालू असताना आणि संपल्यावर मी दोन खऱ्या मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी ‘आधीची व्यक्ती का गेली?’ या प्रश्नावर पॅनेलमधल्या एका सद्गृहस्थांनी ‘तो विषय आता बाजूला ठेवू’ असे म्हटले आणि दुसऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. तिथून पुढे निरोप आला नाही, आणि मला त्याचे फारसे वाईटही वाटले नाही. दुसऱ्या ठिकाणी मी सुरुवातीलाच विनंती केली, की शक्य असल्यास तुमच्या विभागात सध्या अडलेले एखादे काम माझ्यासमोर ठेवा, आपण त्यावर बोलू. विभागप्रमुख बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि एक तक्ता उघडला. पुढची पंचवीस मिनिटे आम्ही तिघे त्या तक्त्यावर वाकून बोलत होतो, आणि त्यात दोनदा मी साफ चुकले. ती नोकरी मी स्वीकारली आहे. कामाची वाटणी कोण करते हे मी या वेळी लेखी विचारून घेतले.

तेव्हा ही सेवा घ्यावी की नाही? ज्यांना नोकरी बदलायची आहे पण घाई नाही, आणि ज्यांना पुढेमागे स्वतः मुलाखती घ्याव्या लागणार आहेत, त्यांनी जरूर घ्यावी. त्यांच्यासाठी दुसरी मॉक मुलाखत आणि अदलाबदलीचे सत्र एवढे दोनच भाग सगळ्याचे मोल वसूल करून देतील. सोय असेल तर संपूर्ण अभ्यासक्रमाऐवजी फक्त मार्गदर्शकांबरोबरची सत्रे निवडावीत. पहिलीच नोकरी शोधणाऱ्यांनी मात्र यांत्रिक मूल्यमापनाच्या गुणांनी खचून जाण्याचा धोका आहे, आणि त्यांना तो आठवडा वगळण्याची मुभा सेवेने द्यायला हवी.

शेवटच्या लेखी अहवालात मार्गदर्शकांचा अभिप्राय दोन पानांचा, नेमका आणि माझ्या शब्दांचे दाखले देणारा होता. त्याखाली यंत्राने काढलेली एक ओळ होती: ‘उमेदवार उत्तरांच्या तुलनेत प्रश्न अधिक विचारतात, सुधारणा आवश्यक.’ यावर सविस्तर पत्र लिहावे म्हणून मी त्या ईमेलला उत्तर पाठवले. मिनिटभरात परत निरोप आला, की आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मात्र कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.